सोफी (संगीतकार)

सोफी (पूर्ण नाव: सोफी झिऑन, जन्म: १७ सप्टेंबर १९८६, मृत्यू: ३० जानेवारी २०२१, अथेन्स, ग्रीस) हे इलेक्ट्रॉनिक पॉप संगीत रचणाऱ्या एका स्कॉटिश संगीतकाराचे नाव आहे. संगीतनिर्मिती, गीतलेखन, गायन आणि डीजे-वादन या क्षेत्रांत सोफी यांनी काम केले. तयार ध्वनिनमुने न वापरता सिंथेसायझरच्या मूळ तरंगांपासून प्रत्येक आवाज स्वतः घडवण्याची पद्धत ही त्यांच्या संगीताची मुख्य ओळख मानली जाते. २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स’ या अल्बमला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. हयातीत प्रकाशित झालेला हा त्यांचा एकमेव नवरचित स्टुडिओ अल्बम होय. दुसरा अल्बम ‘सोफी’ हा सप्टेंबर २०२४ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला.

एकविसाव्या शतकातील पारलिंगी कलावंतांमध्ये सोफी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे ‘हायपरपॉप’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतप्रवाहाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

## नाव व संबोधन

कलाक्षेत्रातील ‘सोफी’ हे नाव इंग्रजीत सर्व मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. आपल्याविषयी लिहिताना लिंगवाचक सर्वनामे वापरू नयेत, केवळ नाव वापरावे, अशी सोफी यांची पसंती असल्याचे त्यांच्या प्रतिनिधींनी निधनानंतर वृत्तमाध्यमांना कळवले. त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या निवेदनात मात्र स्त्रीलिंगी सर्वनाम आले होते, आणि अनेक वृत्तपत्रांनीही तेच वापरले. मराठीत क्रियापदालाही लिंग असल्यामुळे ही पसंती पाळणे इंग्रजीपेक्षा अवघड ठरते. या लेखात त्यासाठी ‘सोफी यांनी’, ‘त्यांचे’ अशी आदरार्थी बहुवचनी रूपे वापरली आहेत.

## पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक संगीत आणि क्वीअर समाज यांचा संबंध जुना आहे. अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये ‘स्विच्ड-ऑन बाख’ या अल्बमद्वारे मूग सिंथेसायझर सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचवला. आपण पारलिंगी स्त्री असल्याचे त्यांनी १९७९ मध्ये जाहीर केले. १९७८ मध्ये सिल्व्हेस्टर या कृष्णवर्णीय समलैंगिक गायकाच्या डिस्को गीतांना सॅन फ्रान्सिस्को येथील पॅट्रिक काउली यांच्या सिंथेसायझरची जोड मिळाली. काउली यांचे १९८२ मध्ये एड्सने निधन झाले. शिकागोतील ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स यांच्या डीजे-वादनातून जो प्रवाह घडला, त्याला त्या क्लबच्या नावावरूनच ‘हाउस’ हे नाव पडल्याचे मानले जाते. त्या क्लबचा श्रोतृवर्ग मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिकांचा होता.

सोफी यांचे काम याच परंपरेत मोडते. तथापि त्यांनी सिंथेसायझरचा उपयोग केवळ नृत्यासाठी केला नाही. देह, आवाज आणि ओळख या गोष्टी माणसाला स्वतः घडवता येतात का, हा प्रश्न त्यांच्या संगीताच्या केंद्रस्थानी आहे.

## प्रारंभिक जीवन

सोफी यांचे बालपण ग्लासगो येथे गेले. वडील मोटारीत इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ध्वनिफिती लावत आणि नृत्यसंगीताच्या मैफलींनाही घेऊन जात, अशी आठवण सोफी यांनी मुलाखतींत सांगितली आहे. लहान वयातच भेट मिळालेल्या कीबोर्डवर संगीतरचनेचे प्रयोग सुरू झाले. पुढे ‘मदरलँड’ या वाद्यवृंदात त्यांचा सहभाग होता. बंधू बेनी लाँग हे सोफी यांचे ध्वनिमुद्रणातील निकटचे सहकारी होते.

## कारकीर्द

### आरंभीची गीते (२०१३–२०१५)

‘नथिंग मोर टू से’ हे सोफी यांचे पहिले प्रकाशन २०१३ च्या आरंभी ‘हंटलीज अँड पामर्स’ या छोट्या कंपनीमार्फत बाजारात आले. त्याच वर्षी ‘नंबर्स’ या ग्लासगोतील स्वतंत्र कंपनीने ‘बिप’ आणि ‘एल’ ही गीते प्रकाशित केली. बहुतांश नृत्यसंगीताचा आधार असलेला ढोलाचा सलग ठोका ‘बिप’मध्ये नाही. त्याची जागा रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या खर्जातील आवाजाने आणि उंच पट्टीत नेलेल्या गायनस्वराने घेतली आहे. समीक्षकांनी वर्षातील उल्लेखनीय गीतांत त्याची गणना केली.

२०१४ मध्ये ‘लेमनेड’ आणि ‘हार्ड’ ही गीते आली. बुडबुड्यांच्या आवाजांनी भरलेले ‘लेमनेड’ पुढील वर्षी मॅकडोनाल्ड्सच्या एका जाहिरातीत वापरले गेले. याच काळात लंडनमधील ‘पीसी म्युझिक’ या कंपनीचे संस्थापक ए. जी. कुक यांच्याशी सोफी यांचे सहकार्य सुरू झाले. दोघांनी कलावंत हेडन डनम यांच्यासह ‘क्यूटी’ हा प्रकल्प केला. त्यातील ‘हे क्यूटी’ हे गीत म्हणजे एका ऊर्जापेयाची जाहिरात असल्याचा देखावा होता. गीत आणि विक्रीची वस्तू यांतील सीमारेषा पुसण्याचा हा प्रयत्न २०१५ च्या ‘प्रॉडक्ट’ या संग्रहातही दिसतो. आठ गीतांच्या या संग्रहाच्या नावाचा अर्थच ‘उत्पादन’ असा आहे. तो ध्वनिमुद्रिकेबरोबरच जाकीट, काळा चष्मा, उंच टाचांचे बूट आणि सिलिकोनची वस्तू अशा रूपांतही विकला गेला.

### अनामिकता आणि टीका

या पहिल्या टप्प्यात सोफी यांचा चेहरा श्रोत्यांना परिचित नव्हता. छायाचित्रे क्वचितच प्रसिद्ध होत आणि मुलाखती मोजक्याच दिल्या जात. २०१४ मधील एका प्रक्षेपित कार्यक्रमात ड्रॅग कलावंताने वाद्यमंचावर सोफी असल्याचा अभिनय केला आणि सोफी स्वतः सुरक्षारक्षकाच्या रूपात शेजारी उभे, असा देखावा रचण्यात आला.

या अनामिकतेमुळे काही समीक्षकांनी सोफी हे स्त्रीचे नाव व स्त्रीसुलभ आवाज वापरणारे पुरुष आहेत असे गृहीत धरले. स्त्रीत्वाचा केवळ बाह्य वेश उचलल्याचा आरोपही झाला. सोफी यांनी त्या वेळी जाहीर उत्तर दिले नाही. २०१७ नंतर या आरोपांचा आधारच चुकीचा असल्याचे स्पष्ट झाले. एखाद्या कलावंताची लैंगिक ओळख त्याच्या आवाजावरून किंवा नावावरून ठरवण्याच्या सवयीचे उदाहरण म्हणून या प्रसंगाची पुढे अनेकदा चर्चा झाली.

### इतर कलावंतांसाठी संगीतनिर्मिती

स्वतःचे संगीत छोट्या कंपन्यांमार्फत प्रकाशित करत असतानाच सोफी यांनी मुख्य प्रवाहातील कलावंतांसाठीही काम केले. मडोना यांच्या २०१५ मधील ‘रेबेल हार्ट’ या अल्बममधील एका गीताच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षी जपानी गायिका नामिए आमुरो यांच्यासाठी त्यांनी निर्मिलेल्या गीतात हात्सुने मिकू हा संगणकनिर्मित गायनस्वर वापरला गेला. व्हिन्स स्टेपल्स यांच्या २०१७ मधील ‘बिग फिश थिअरी’ या रॅप अल्बममध्येही सोफी यांनी निर्मिलेली गीते आहेत.

यांपैकी सर्वांत परिणामकारक ठरले ते ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्स यांच्याशी असलेले सहकार्य. २०१६ मध्ये आलेल्या ‘व्रूम व्रूम’ या चार गीतांच्या संचाचे प्रारंभीचे स्वागत थंड होते. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक नियतकालिकाने त्याला कमी गुण दिले होते. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकाने आपले गुणांकन वाढवले. पाच वर्षांत पॉप संगीताची अभिरुची किती बदलली होती, याचे हे द्योतक आहे.

### ‘इट्स ओके टू क्राय’ (२०१७)

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘इट्स ओके टू क्राय’ हे गीत चित्रफितीसह प्रकाशित झाले. त्यात सोफी यांनी प्रथमच स्वतःचा गायनस्वर आणि स्वतःचा चेहरा श्रोत्यांसमोर आणला. चित्रफितीत आकाशाच्या पार्श्वभूमीवर सोफी एकटेच दिसतात. ढग, इंद्रधनुष्य, तारे आणि शेवटी वादळी पाऊस असे आकाशाचे रंग मागे बदलत जातात. गीताचा बराचसा भाग जवळजवळ कुजबुजीच्या आवाजात आहे आणि अखेरीस सिंथेसायझरचा मोठा कल्लोळ उसळतो. रडण्यात गैर काही नाही, हा गीताच्या शीर्षकाचा आशय आहे.

हे प्रकाशन सोफी यांच्या पारलिंगी ओळखीची जाहीर घोषणा म्हणून स्वीकारले गेले. नंतरच्या मुलाखतींत पारलिंगी असणे म्हणजे देह आणि अंतरंग यांच्यात मेळ घालण्यासाठी सूत्रे आपल्या हाती घेणे, अशा आशयाची भूमिका सोफी यांनी मांडली.

### ‘ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स’ (२०१८)

१५ जून २०१८ रोजी हा अल्बम सोफी यांची स्वतःची कंपनी ‘एमएसएमएसएमएसएम’, ऑस्ट्रेलियातील ‘फ्यूचर क्लासिक’ आणि लंडनमधील ‘ट्रान्सग्रेसिव्ह’ या स्वतंत्र कंपन्यांनी मिळून प्रकाशित केला. त्याच्या नावात उच्चारसाम्याचा खेळ आहे. ते वेगाने उच्चारल्यास ‘आय लव्ह एव्हरी पर्सन्स इनसाइड्स’, म्हणजे ‘मला प्रत्येकाचे अंतरंग आवडते’, असे ऐकू येते.

अल्बममध्ये नऊ गीते आहेत. ‘पोनीबॉय’ आणि ‘फेसशॉपिंग’ ही गीते कर्कश, धातूवर घाव घातल्यासारख्या आवाजांची आहेत. ‘इज इट कोल्ड इन द वॉटर?’ या गीतात तालवाद्ये जवळजवळ नाहीत. ‘प्रिटेंडिंग’ ही शब्दविरहित, संथ रचना असून तिच्यानंतर लगेचच ‘इमटीरियल’ हे अल्बममधील सर्वांत उत्फुल्ल गीत येते. त्याचे शीर्षक मडोना यांच्या ‘मटीरियल गर्ल’ या गीताची आठवण करून देते. मडोना यांच्या गीतातील नायिका भौतिक सुखांची बाजू घेते, तर सोफी यांचे गीत ठरीव देह, नाव व स्थान यांच्यापासून मुक्त असलेल्या अस्तित्वाचे चित्र रंगवते. अल्बममधील बहुतांश गीतांतील मुख्य गायनस्वर कॅनडातील गायिका सेसील बिलीव्ह यांचा आहे.

६१ व्या ग्रॅमी पुरस्कारांत (२०१९) या अल्बमला सर्वोत्कृष्ट नृत्य/इलेक्ट्रॉनिक अल्बम या विभागात नामांकन मिळाले. पुरस्कार ‘जस्टिस’ या फ्रेंच जोडीच्या ‘वुमन वर्ल्डवाइड’ या अल्बमला मिळाला. २०१९ मध्येच या गीतांची नवी रूपे असलेला सलग मिश्रणाचा अल्बमही प्रकाशित झाला.

## संगीतशैली व तंत्र

इलेक्ट्रॉनिक संगीतात आवाज मिळवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गात आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाचा तुकडा, म्हणजे ध्वनिनमुना, घेऊन तो पुन्हा वापरला जातो. दुसऱ्या मार्गात मूळ विद्युत्-तरंगापासून आवाज तयार केला जातो. सोफी यांनी प्रामुख्याने दुसरा मार्ग पत्करला. त्यासाठी स्वीडनमधील ‘इलेक्ट्रॉन’ या कंपनीचे ‘मोनोमशीन’ हे यंत्र त्यांच्या विशेष पसंतीचे होते.

सिंथेसायझरमधील तरंगांचे आकार मोजकेच असतात. गुळगुळीत ज्या-तरंग, चौरस तरंग आणि करवतीच्या दात्यांसारखा तरंग हे त्यांतले प्रमुख होत. एखाद्या ज्या-तरंगाची वारंवारता क्षणार्धात वरून खाली आणली की ढोलाच्या ठोक्यासारखा आवाज होतो. वारंवारता उलट खालून वर नेली की पाण्यातील बुडबुड्याचा भास होतो. सर्व वारंवारता मिसळलेल्या गोंगाटाचा अतिशय आखूड तुकडा झांजेसारखा ऐकू येतो. तरंग किती वेगाने वाढतो, किती काळ टिकतो आणि कसा विरतो यावर तो लाकडाचा वाटतो, धातूचा वाटतो की रबराचा, हे ठरते.

सोफी यांनी आवाजाचा विचार वाद्यांच्या परिभाषेत न करता पदार्थांच्या परिभाषेत केला. लॅटेक्स, फुगे, बुडबुडे, प्लास्टिक, धातू अशा पदार्थांचे ताणणे, घासणे व फुटणे कसे ऐकू येईल याची कल्पना करून ते आवाज तरंगांतून उभे केले जात. ज्या वस्तू अस्तित्वातच नाहीत त्यांचेही आवाज या पद्धतीने निर्माण करता येतात. मानवी गायनस्वरही याला अपवाद नव्हता. त्याची पट्टी बदलून, तो ताणून किंवा तुकडे करून अन्य आवाजांप्रमाणेच घडवला जाई. कोणता स्वर पुरुषाचा आणि कोणता स्त्रीचा, हा भेद त्यामुळे पुसट होतो. मूळ आवाज ‘नैसर्गिक’ आणि घडवलेला आवाज ‘खोटा’ हा समज या संगीतात टिकत नाही. म्हणूनच अनेक अभ्यासकांनी सोफी यांचे तंत्र आणि त्यांची पारलिंगी ओळख यांचा एकत्र विचार केला आहे.

## निधन

३० जानेवारी २०२१ रोजी पहाटे अथेन्स येथे सोफी यांचे अपघाती निधन झाले. पौर्णिमेचा चंद्र पाहण्यासाठी उंचावर चढले असता पाय घसरून पडल्याने मृत्यू ओढवला, असे कंपनीच्या निवेदनात म्हटले होते. त्या वेळी सोफी यांचे वय ३४ वर्षे होते.

त्याच महिन्यात ‘नंबर्स’ने ‘बिप’चे ‘ऑटेकर’ या ब्रिटिश जोडीने केलेले नवे रूप प्रकाशित केले होते. आपल्या गीतांची पुनर्मिश्रणे नकोत, केवळ ‘ऑटेकर’ तयार असल्यास चालेल, असे सोफी यांनी पूर्वी कळवले होते. त्याला अनेक वर्षांनी आलेला हा प्रतिसाद होता.

निधनानंतर ‘टीओआय-१३३८ बी’ या ग्रहाला सोफी यांचे नाव द्यावे, अशी मागणी चाहत्यांनी स्वाक्षरी मोहिमेद्वारे केली. पुढे एका लघुग्रहाला ‘सोफीझिऑन’ असे नाव देण्यात आले.

## मरणोत्तर अल्बम

निधनाच्या वेळी सोफी यांचा दुसरा अल्बम बराच पुढे गेला होता. त्याच्या स्वरूपाविषयी दोन्ही भावंडांत चर्चा होत असे. बेनी लाँग यांनी उपलब्ध ध्वनिमुद्रणांच्या आधारे तो पूर्ण केला. जून २०२४ मध्ये ‘रीझन व्हाय’ या गीतासह त्याची घोषणा झाली. किम पेट्रास आणि बीसी किंगडम यांनी हे गीत गायले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सोफी’ या नावाने संपूर्ण अल्बम ‘ट्रान्सग्रेसिव्ह’ आणि ‘फ्यूचर क्लासिक’ यांनी प्रकाशित केला.

या अल्बममध्ये १६ रचना असून प्रास्ताविक रचना वगळता जवळपास प्रत्येक गीतात सहकलावंत आहेत. त्यांत ज्युलियाना हक्स्टेबल, नीना क्राविझ, हॅना डायमंड, सेसील बिलीव्ह, एविता मांजी आणि डॉस यांचा समावेश होतो. आरंभी गूढ, संथ आवाज, मध्ये पॉप गीते, त्यानंतर टेक्नो आणि अखेरीस पुन्हा हळुवार गीते अशी त्याची रचना आहे.

समीक्षकांचे मत संमिश्र होते. पूर्वीच्या कामातील तीक्ष्ण धार येथे कमी जाणवते, असे काहींनी नोंदवले. प्रत्येक आवाज स्वतः घडवण्याचा आग्रह धरणाऱ्या कलावंताचे अपूर्ण काम दुसऱ्या हातांनी पूर्ण करावे का, हा प्रश्न या निमित्ताने उपस्थित झाला. ते काम तसेच राहू देणे म्हणजे सोफी यांनी सहकलावंतांबरोबर केलेल्या अनेक वर्षांच्या मेहनतीला मुकणे होते, अशी बाजूही मांडली गेली. कुटुंबाच्या दृष्टीने हा अल्बम सोफी यांनी योजिलेल्या कामाची पूर्तता होती.

## प्रभाव

२०१९ मध्ये ‘स्पॉटिफाय’ने ‘हायपरपॉप’ नावाची गीतमालिका सुरू केल्यानंतर ही संज्ञा रूढ झाली. ‘१०० गेक्स’ यांसारख्या अमेरिकी कलावंतांच्या संगीतावर सोफी व ‘पीसी म्युझिक’ यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. या प्रवाहात पारलिंगी आणि क्वीअर कलावंतांचे प्रमाण लक्षणीय आहे. घरच्या संगणकावर संगीत तयार करणाऱ्या या पिढीला स्वतःचा गायनस्वर हवा तसा बदलण्याची मुभा सोफी यांच्या उदाहरणातून मिळाली.

सहकाऱ्यांनी सोफी यांच्या स्मरणार्थ गीतेही रचली. कॅरोलाइन पोलाचेक यांचे ‘आय बिलीव्ह’ (२०२३), ए. जी. कुक यांचे ‘विदाउट’ (२०२४) आणि चार्ली एक्ससीएक्स यांच्या ‘ब्रॅट’ या अल्बममधील ‘सो आय’ (२०२४) ही त्यांतील प्रमुख होत. ‘सो आय’मध्ये हयातीत मैत्रीत अंतर राखल्याची खंत व्यक्त झाली असून त्याचे शीर्षक ‘इट्स ओके टू क्राय’शी जोडलेले आहे.

## निवडक ध्वनिमुद्रिका

* प्रॉडक्ट (२०१५) – गीतसंग्रह
* ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स (२०१८) – स्टुडिओ अल्बम
* ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स नॉन-स्टॉप रीमिक्स अल्बम (२०१९) – पुनर्मिश्रित अल्बम
* सोफी (२०२४) – स्टुडिओ अल्बम, मरणोत्तर